आम्ही विचारलंच नाही...

एक गोष्ट कबूल करून सुरुवात करते.

मागच्या वर्षी पाचव्या सेममध्ये आमच्या वर्गाची इंडस्ट्रियल व्हिजिट जवळच्याच एका भूमिगत कोळसा खाणीत गेली होती. सकाळी सातला बस निघाली. बसमध्ये नेहमीप्रमाणे अंताक्षरी, चिवडा, एकमेकांची खेचणं सगळं झालं. खाणीवर पोहोचलो. हेल्मेट, कॅप लॅम्प, गमबूट यांच्या रांगा लावून ठेवलेल्या. मुलं एकेक हेल्मेट डोक्यावर चढवून फोटो काढू लागली. तेवढ्यात तिथले एक अधिकारी आमच्या सरांना हळूच म्हणाले, "मुली वरच थांबतील ना? त्यांना फॅन हाऊस आणि सबस्टेशन दाखवतो. मग कँटीनमध्ये बसू द्या." सरांनी मान हलवली. झालं! आम्ही सात मुली वर थांबलो.

फॅन हाऊस बघायला दहा मिनिटं लागली, सबस्टेशनला पंधरा. उरलेले दोन तास आम्ही कँटीनमध्ये चहा पीत बसलो. मुलं वर आली ती काळी तोंडं आणि चमकणारे डोळे घेऊन. "अबे, काय अंधार आहे बाप्पा खाली! लाइट बंद केला तर स्वतःचा हात दिसत नाही!" परतीच्या बसमध्ये आमच्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढे रिपोर्ट लिहायचा होता. खालचे स्विचगिअर फ्लेमप्रूफ का असतात, मिथेन वायू साचू नये म्हणून हवा कशी खेळवतात, हॉलेजची मोटर कुठे बसवतात, हे सगळं मी एका मित्राच्या वहीतून उतरवून काढलं. आकृत्या नीट काढल्या, स्केचपेनने शीर्षकं रंगवली. मला पंचवीसपैकी एकवीस मिळाले. ज्याची वही होती त्याला एकोणीस! आम्ही खूप हसलो. पण रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर बसल्यावर हसू आलं नाही. आम्हाला कुणी खाली नेलं नाही याचं वाईट वाटलंच. त्याहून वाईट याचं वाटलं की आम्ही सात जणींपैकी एकीनेही "का?" म्हणून विचारलं नाही. भांडण नको होतं, आंदोलन नको होतं. नुसतं "सर, आम्हालाही बघायचंय" एवढंच म्हणायचं होतं. आणि आम्ही? चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली.

त्या रात्रीपासून 'मुलींमध्ये आत्मविश्वास कमी असतो' या वाक्याबद्दल मी विचार करतेय. हे वाक्य आपण पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या कार्यशाळेत ऐकतो, महिला दिनाच्या भाषणात ऐकतो, प्लेसमेंटच्या ट्रेनिंगमध्येही ऐकतो. उपायही ठरलेले. आरशासमोर उभं राहा, डोळ्यात डोळे घालून बोला, 'मी करू शकते' असं रोज दहादा म्हणा. मला वाटतं, इथे उलटी गाठ बसली आहे. आधी आत्मविश्वास येतो आणि मग माणूस काम करतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात काम आधी हातात पडतं, चुकतं, पुन्हा जमतं, आणि आत्मविश्वास त्याच्या मागून येतो. ज्यांच्या हातात काम पडतच नाही त्यांच्याकडे तो येणार कुठून?

खाणीचंच उदाहरण घेऊ. आपला जिल्हा कोळशाचा. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, दुर्गापूर ही नावं आपल्याला पाठ. इथल्या कोळशावर आपलं २९२० मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र चालतं. 'खाण म्हणजे पुरुषांचं काम' हेही आपल्याला पाठ. मलाही असंच वाटायचं. मग त्या व्हिजिटच्या रागात लायब्ररीत बसून थोडं वाचलं, तेव्हा कळलं की गोष्ट वेगळीच आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशातल्या कोळसा खाणींत हजारो बाया जमिनीखाली काम करत होत्या. झरिया-राणीगंजकडे तर नवरा कोळसा फोडायचा आणि बायको टोपलीत भरून वाहायची, अशी जोडीच असायची. १९२९ च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढायला सुरुवात झाली आणि १९३७ मध्ये पूर्ण बंदी आली. कारण चांगलंच होतं. खाणी भयंकर होत्या, बाळंतपणं खाणीत व्हायची. पण खाणी सुधारण्याआधी बाया बाहेर गेल्या, आणि त्यांच्याबरोबर घरातली एक मजुरीही गेली.

पुढची गंमत तर बघा. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागला, मजूर मिळेनात. लगेच १९४३ मध्ये बंदी उठली, आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातही! तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. या प्रश्नावर १९४४ मध्ये कायदेमंडळात चर्चा झाली तेव्हा त्यांनी स्पष्ट केलं की खाणीत जाणाऱ्या स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल. युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये बंदी परत आली. मग १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम ४६ ने ती पक्की केली. जमिनीखाली स्त्री नको. जमिनीवरही सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढंच.

म्हणजे गरज पडली तेव्हा बायांना जमत होतं, गरज सरली तेव्हा जमेनासं झालं. यात बायांचा आत्मविश्वास कुठे आला?

या कायद्याचा कॉलेजवर काय परिणाम झाला तोही सांगते. खाणीत नोकरीच नाही म्हणून मायनिंग ब्रँचला मुली नाहीत. ब्रँचला मुली नाहीत म्हणून 'मुलींना मायनिंगमध्ये रस नसतो' हे सिद्ध! हे चक्र आपल्या नागपुरात एका मुलीने मोडलं. चंद्राणी प्रसाद वर्मा. मायनिंग इंजिनिअरिंगला प्रवेश मिळावा म्हणून तिला न्यायालयात जावं लागलं. १९९९ साली नागपूरच्या रामदेवबाबा कॉलेजमधून पदवी घेऊन ती देशातली पहिली महिला मायनिंग इंजिनिअर ठरली. पुढे त्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेच्या नागपूर केंद्रात शास्त्रज्ञ झाल्या, पीएच.डी. केली. विचार करा, आपण फॉर्ममध्ये ब्रँचचा पसंतीक्रम भरतो तेवढ्या कामासाठी तिला कोर्टाची पायरी चढावी लागली!

२०१९ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने अधिसूचना काढून दार उघडलं. उघड्या खाणीत रात्रपाळी, आणि भूमिगत खाणीत दिवसा तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या जागांवर काम. लेखी संमती हवी आणि एका पाळीत किमान तिघी हव्यात, अशा अटी होत्या. २०२१ मध्ये झारखंडच्या चुरी भूमिगत खाणीत आकांक्षा कुमारी ही तरुणी रुजू झाली. कोल इंडियाच्या भूमिगत खाणीत काम करणारी ती पहिली महिला मायनिंग इंजिनिअर. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि संमतीने स्त्रियांना सर्व प्रकारची कामं, रात्रपाळीसुद्धा, खुली झाली. इकडे गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखाणीत तर स्थानिक आदिवासी मुली अवाढव्य डंपर चालवतात. त्या खाणीबद्दल आपल्यात मतभेद आहेत, आणि असावेत. पण स्टिअरिंगवरच्या हातांबद्दल वाद नसावा.

आता कळलं ना, गच्चीवर मला का झोंबलं ते? आमची व्हिजिट २०१९ च्या नंतरची आहे! कायद्याची कडी निघालेली होती. तरी अधिकारी सवयीने बोलले, सर सवयीने मान हलवून मोकळे झाले आणि आम्ही सवयीने कँटीनकडे वळलो. कुणीच वाईट नव्हतं. कायदा कागदावर बदलतो, सवय बदलायला कुणीतरी तोंड उघडावं लागतं.

दुसरं उदाहरण माझ्या गावाकडचं. मी आरमोरीकडची. आमच्याकडे 'सर्च' माहीत नसलेलं घर नाही. डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन १९८६ मध्ये डॉ. अभय बंग यांच्यासोबत गडचिरोलीत आल्या. जिल्हा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्यांतल्या जेमतेम ८ टक्के बायांची आधी कधी तपासणी झाली होती. १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि जगाने दखल घेतली. गडचिरोलीत बसून जागतिक दर्जाचं विज्ञान करता येतं, हे एका बाईने दाखवलं ते असं.

पण मला आज त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्याकडे शिकलेल्या आरोग्यदूत बायांबद्दल सांगायचंय. पाचवी ते दहावी शिकलेल्या खेड्यातल्या बाया. १९९५ पासून ३९ गावांमध्ये त्यांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, ताप बघणं, श्वास मोजणं, न रडणाऱ्या बाळाला पिशवीने श्वास देणं. एवढंच नाही, जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या बाळाला इंजेक्शन देणंसुद्धा! तीन वर्षांत त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हेही 'लॅन्सेट'मध्ये आलं, आणि २०११ पासून हीच घरोघरी बाळाची काळजी घेण्याची पद्धत देशभरच्या आशा ताईंच्या कामात आली.

मला सांगा, पहिल्या दिवशी त्या बाईच्या अंगात किती आत्मविश्वास असेल? दीड-दोन किलोचं बाळ आणि हातात सुई! हात थरथरलाच असेल. पण तिला कुणी आरशासमोर उभं केलं नाही. तिला नीट शिकवलं, पुन्हा पुन्हा करायला लावलं, वर लक्ष ठेवलं आणि मग तिच्यावर विश्वास टाकला.

त्यात आपल्यासारख्या इंजिनिअर लोकांनी शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजावे लागतात. ज्या दाईंना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असं एक साधं उपकरण बनवलं. दाईला मोजता येत नाही, म्हणून दाई बदलली नाही. मोजायचं साधन बदललं! आपल्याकडे मात्र मुलगी अडली की साधन, वेळापत्रक, पद्धत सगळं तसंच राहतं आणि कार्यशाळा तिच्याचसाठी ठेवतात.

आता जरा आपल्या लॅबमध्ये या. मशीन लॅबमध्ये पाच जणांचा ग्रुप. तीन मुलं, दोन मुली. कनेक्शन कोण करतं? मुलं. स्टार्टर कोण सरकवतं? मुलं. आणि रीडिंगचा तक्ता? "तू लिही, तुझं अक्षर छान आहे." चार वर्षं आम्ही छान अक्षरात दुसऱ्यांची रीडिंग लिहितो आणि शेवटी मुलाखतीत विचारतात, "तुम्ही स्वतः कधी मोटर जोडली आहे का?" मग घसा कोरडा पडतो. याला आत्मविश्वासाचा अभाव म्हणायचं की सरावाचा?

व्हिजिटनंतरच्या आठवड्यात मी ग्रुपला म्हटलं, "आज कनेक्शन मी करते." एक मित्र म्हणाला, "कर ना, कोण नाही म्हणते?" खरंच कुणी नाही म्हटलं नव्हतं! मी जोडलं. अॅमीटर सिरीजमध्ये लावायचा तो समांतर लावला, आणि फट्! फ्यूज उडाला. सगळी लॅब माझ्याकडे बघायला लागली. कानापर्यंत लाल झाले. लॅब असिस्टंट काका आले, तारा बघितल्या आणि फ्यूज बदलता बदलता म्हणाले, "पोरी, आता जन्मात विसरणार नाहीस. लाव पुन्हा." पुन्हा लावलं. मोटर फिरली. तो आवाज अजून कानात आहे. बारावीत ८८ टक्के पडले तेव्हाही एवढं बरं वाटलं नव्हतं.

आता काही मित्रांच्या मनातलं बोलते, कारण मेसमध्ये हे रोज कानावर येतं. "मुलींना ३० टक्के जागा, २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर पूर्ण शिक्षण शुल्क माफ, आणखी काय पाहिजे?" मित्रांनो, या सवलतींची किंमत मला माहीत आहे. माझ्या हॉस्टेलमध्ये अशा मुली आहेत ज्यांना फी माफ नसती तर घरच्यांनी डी.एड.ला किंवा सरळ सासरी पाठवलं असतं. पण सवलत मुलीला कॉलेजच्या गेटपर्यंत आणते. गेटपासून पॅनेलबोर्डापर्यंतचं अंतर फीमाफीने कापलं जात नाही.

आणि सर, मॅडम, रागावू नका, पण हॉस्टेलच्या वेळेचंही बोलू द्या. प्रोजेक्टच्या दिवसांत मुलं रात्री दहापर्यंत लॅबमध्ये असतात, आम्ही साडेसातला आत. कारण विचारलं तर सुरक्षितता. आपल्याकडे ऊर्जानगर-दुर्गापूरच्या बाजूला वाघ-बिबटे फिरतात, माणसं गेली आहेत, हे मी नाकारत नाही. पण बिबट्या आयकार्ड बघून हल्ला करत नाही ना! धोका असेल तर दिवे, गार्ड आणि बस सगळ्यांसाठी हवी. खाणीच्या बाबतीत जी चूक १९३७ मध्ये झाली, जागा सुधारण्याऐवजी बाईला बाहेर काढायचं, ती आपण रोज संध्याकाळी साडेसातला करतो.

एक गैरसमज नको. प्रत्येक मुलीने खाणीत उतरावं किंवा बॉयलरवर चढावं, असं मी म्हणत नाही. सॉफ्टवेअर, बँक, एम.पी.एस.सी., शिक्षकी, काहीही निवडा. संसार सांभाळून करायचं असेल तेही निवडा, त्यात कमीपणा नाही. फक्त ती निवड असू द्या. दोन दारं उघडून बघितली आणि एक घेतलं, तर ती निवड. एकच दार दाखवलं आणि आपण त्यातून गेलो, तर ती नुसती वाट.

माझंच सांगते. माझ्याकडे पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आहे. सॉफ्टवेअर सपोर्टचं काम, पगार बरा. बाबा म्हणतात, "घेऊन टाक, एसीत बसशील. मशिनीच्या धुळीत कशाला?" आई काही म्हणत नाही, पण शेजारी पेढे वाटून मोकळी झाली! मला मोटरी आवडतात. वीज केंद्रात शिकाऊ इंजिनिअर म्हणून काम करायचं, सोबत गेटचा अभ्यास करायचा, असं मनात आहे. पगार अर्ध्याहून कमी. खरं सांगू? अजून ठरलेलं नाही. घरी धाकटा भाऊ शिकतोय, पैशाचं गणित खोटं नाही. पण गेल्या रविवारी मी पहिल्यांदा बाबांना "का नको?" असं विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिथं बायका असतात का?" मी म्हटलं, "असतात. आणि नसतील तर मी असेन." फोनवर पुन्हा शांतता. मग म्हणाले, "सुट्टीत ये, बोलू." आमच्या घरात एवढं पुष्कळ आहे.

आता शेवटचं. मी आणि माझ्या वर्गातल्या सहा जणींनी विभागप्रमुखांकडे एक अर्ज दिला आहे. पुढच्या बॅचची खाणीची व्हिजिट ठरेल तेव्हा खाण व्यवस्थापनाला आधीच लेखी कळवावं की ज्या मुलींची संमती आहे त्या खाली येणार आहेत. त्यांच्या मापाचे गमबूटही मागून घ्यावेत. सरांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे तुम्ही त्या दिवशीच का नाही म्हटलं?"

खरंच, का नाही म्हटलं? ज्युनिअर मुलींनो, त्याचं उत्तर शोधत बसू नका. त्या दिवशी हात वर करा. फार तर काय होईल, नाही म्हणतील. आणि खाली गेलात तर एकदा लाइट बंद करून बघा. अंधारात स्वतःचा हात खरंच दिसत नाही का, ते वर आल्यावर मला सांगा. मला अजून माहीत नाही.

— अंतिम वर्ष, विद्युत अभियांत्रिकी